समाजमाध्यमांवरील प्रतिक्रियांवरून ग्राहकांचा कल आणि लोकमत कितपत ओळखता येते?

मलप्रभा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी बेळगावात वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. घर खानापूर तालुक्यात आहे. शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी मी समाजमाध्यमांवरील मजकुरावरून ग्राहकांचे वर्तन समजून घेणे हा विषय घेतला असून उदाहरण म्हणून बेळगावचा कुंदा (आटवलेल्या दुधाची मिठाई) आणि गोकाकचा कर्दंट (डिंक आणि सुक्यामेव्याची मिठाई) हे दोन पदार्थ निवडले आहेत. खाद्यपदार्थांविषयीच्या अकरा यूट्यूब चित्रफितींखालच्या सुमारे तीन हजार प्रतिक्रिया गोळा करून मी त्या एका मोफत साधनात घातल्या. हे साधन प्रत्येक प्रतिक्रियेवर अनुकूल, प्रतिकूल किंवा तटस्थ असा शिक्का मारते.

अडचण अशी की निम्म्याहून अधिक प्रतिक्रिया तटस्थ निघाल्या. तटस्थ प्रतिक्रिया वगळून उरलेल्यांची टक्केवारी काढावी आणि ‘इतके टक्के ग्राहक समाधानी आहेत’ असा निष्कर्ष वर्तुळाकृतीसह लिहावा, असे माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. शिवाय कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड असावे असा जो कायदा २०२४ मध्ये झाला, त्याविषयीचे बेळगावचे लोकमतही याच पद्धतीने मोजून दुसरे प्रकरण लिहावे, असे त्यांनी सुचवले आहे.

मला दोन्ही बाबतींत शंका आहे. ‘जाळ आणि धूर संगटच’ ही उघड स्तुतीची प्रतिक्रिया साधनाने प्रतिकूल ठरवली, तेव्हाच माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. ‘कुंदा’ हा शब्द शोधला तर मिठाईबरोबरच उत्तर प्रदेशातल्या प्रतापगड जिल्ह्यातला कुंदा मतदारसंघ आणि त्या नावाच्या कितीतरी महिला समोर येतात. अशा सामग्रीवर ‘ग्राहक समाधानी’ असे विधान करता येते का? येत नसेल, तर ही सामग्री नेमकी कशासाठी वापरावी? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निपाणीकर मास्तर

तुमची शंका रास्त आहे आणि ती पंच्याऐंशीहून अधिक वर्षे जुनी आहे. मी संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो. पहिल्याच तासाला मुलांना जी गोष्ट सांगत असे, तीच येथे सांगतो.

१९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने चाचणीपत्रिका पाठवल्या आणि जवळपास २४ लाख पत्रिका भरून परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार लँडन यांचा विजय वर्तवला. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजारांच्या नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकतील असे सांगितले होते. साप्ताहिकाने पत्ते प्रामुख्याने दूरध्वनी आणि मोटारींच्या याद्यांमधून घेतले होते, म्हणजे मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन आणि गाडी होती अशांचे. आणि त्यांतूनही ज्यांना पत्रिका भरून पाठवण्याइतकी कळकळ होती, त्यांचीच मते परत आली. चोवीस लाखांचा ढीग असला, तरी तो मुळातच एका अंगाला कललेला होता, आणि कललेला ढीग कितीही उंच केला तरी सरळ होत नाही.

समाजमाध्यमांवर हेच निराळ्या वेशात घडते. जर्मनीतल्या २००९ च्या निवडणुकीनंतर काही संशोधकांनी ट्विटरवरचे लाखभर संदेश तपासून २०१० मध्ये असा दावा केला की पक्षाच्या नावाचे जितके उल्लेख, साधारण तितकाच त्याच्या मतांचा वाटा असतो. २०१२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच निवडणुकीची सामग्री पुन्हा तपासली आणि पहिल्या अभ्यासात इंटरनेट-स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारा छोटा पायरेट पक्ष वगळला गेला होता, हे दाखवून दिले. तो यादीत घेतला असता, तर उल्लेखांच्या हिशेबाने तोच पहिला आला असता. त्या पक्षाला प्रत्यक्षात दोनच टक्के मते मिळाली आणि एकही जागा मिळाली नाही. संगणकापुढे बसणारा तरुण वर्ग त्याच्याविषयी उदंड बोलत होता, एवढाच त्या उल्लेखांचा अर्थ होता.

आता तुमच्या कुंद्याकडे येऊ. चित्रफीत पाहणाऱ्यांपैकी थोडेच लोक प्रतिक्रिया लिहितात आणि लिहिणारे बहुधा टोकाचे असतात. दुकानांच्या तारांकित अभिप्रायांत पाच तारे आणि एक तारा यांचीच दाटी असते. ‘ठीक होते’ असे वाटणारा मनुष्य खाऊन, हात धुऊन घरी जातो. त्यातून तुमच्या अकरा चित्रफिती त्या त्या वाहिनीच्या चाहत्यांनी पाहिलेल्या आहेत, म्हणजे अगोदरच ज्यांना खाण्याची हौस आहे अशांनी. म्हणून ‘इतके टक्के ग्राहक’ हे शब्द लिहू नका. तुमच्या हाती ग्राहक नाहीत, प्रतिक्रिया आहेत. एका माणसाने सात वेळा लिहिले असेल तर तो तुमच्या आकड्यात सात माणसे होऊन बसलेला आहे.

याचा अर्थ ही सामग्री टाकाऊ आहे, असा मात्र नव्हे. किती लोकांना काय वाटते हे ती सांगत नाही. लोक कोणत्या शब्दांत, कोणत्या गोष्टींविषयी बोलतात, हे ती फार चांगले सांगते. प्रश्नावली तयार करण्यापूर्वी ती वाचावी, प्रश्नावलीऐवजी नव्हे.

गणपत गल्ली

ताई, माझे मिठाईचे छोटे दुकान आहे. मास्तरांइतका अभ्यास नाही, परंतु ठेच लागलेली आहे, ती सांगतो.

गेल्या दिवाळीच्या आधी एका मुलाने आमच्या दुकानातल्या कुंद्याची रील बनवली. कढईत दूध आटून तांबूस झाले आहे, उलथणे फिरते आहे आणि कडेला दाणा धरू लागला आहे, एवढेच अर्ध्या मिनिटाचे दृश्य. ती लाखाच्या वर लोकांनी पाहिली. धाकटा भाऊ म्हणाला, आता गर्दी आवरणार नाही. मी जास्तीचे दूध आणि खवा घेतला, दोन कारागीर वाढवले. गिऱ्हाईक नेहमीचेच आले. चार ट्रे कुंदा उरला आणि तो शेवटी गल्लीत वाटला.

नंतर शांतपणे त्या रीलखालच्या प्रतिक्रिया वाचायला बसलो. ‘वा’, ‘तोंडाला पाणी सुटले’, लाल हृदयाची चित्रे, हे सगळे होतेच. परंतु त्यांच्यामधून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारलेली होती: पुण्याला पाठवता का, बसने पार्सल मिळेल का, किती दिवस टिकतो, फ्रीजमध्ये ठेवायचा की बाहेर. बघणारे लोक पुण्या-मुंबईचे, गोव्याचे, हुबळीचे होते; कितीतरी जण मूळचे इथलेच, नोकरीसाठी बाहेर गेलेले. त्यांना कुंदा हवा होता आणि मी तो काउंटरवर मांडून त्यांची वाट बघत बसलो होतो.

आपले साधन या प्रश्नांना तटस्थ म्हणणार, कारण त्यांत ना स्तुती आहे ना निंदा. माझ्या दृष्टीने दुकान चालवण्याच्या उपयोगाचे तेवढेच होते. ‘अप्रतिम’ म्हणणारा घेईलच असे नाही. ‘पाव किलोला काय पडते’ असे विचारणारा मात्र खिशात हात घालून विचारत असतो. तुमच्या सरांनी जो ढीग बाजूला काढायला सांगितला आहे, तो आधी वाचा.

मी पुढे दोन गोष्टी केल्या. डब्यावर तयार केल्याची तारीख आणि किती दिवसांत संपवावा हे मराठी, कन्नड आणि इंग्रजीत छापले. दुसरे, गल्ल्याशेजारी एक वही ठेवली आणि ‘कशावरून कळले’ एवढे विचारून समोर रेघ मारू लागलो. पंधरा दिवसांत कळले की आमचे बहुतेक गिऱ्हाईक नातलगांच्या सांगण्यावरून येते आणि रील पाहून आलेले फार थोडे असले, तरी ते घेतात ते किलोने.

चिकोडीची अक्षरओळख

मी घरून मजकुरावर शिक्के मारण्याचे काम करते, म्हणजे जे शिक्के पाहून अशी साधने शिकतात, ते माणसाने लावायचे काम. तुमच्या ‘जाळ आणि धूर’चे आश्चर्य वाटले नाही. साधन बहुधा मजकूर आधी इंग्रजीत आणते आणि मग भावना शोधते. तेथे जाळ म्हणजे आग आणि धूर म्हणजे घुसमट. ‘नाद खुळा’मधला खुळा त्याला वेडा दिसतो. कोल्हापूर ते बेळगाव या पट्ट्यात स्तुती करताना वापरले जाणारे निम्मे शब्द कोशात निंदेचेच आहेत, त्याला बिचारे यंत्र काय करणार!

आपल्याकडे याहून मोठा पेच लिपीचा आणि मिसळीचा आहे. एकच मराठी वाक्य कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन अक्षरांत आणि कन्नड माध्यमातून शिकलेली काही मुले ते चक्क कन्नड लिपीत लिहितात. रोमन अक्षरांतले मराठी साधन पुष्कळदा हिंदी समजते. त्यात कन्नड मिसळले की गंमत आणखी वाढते. उत्तर कर्नाटकातल्या बोलीत ‘चलो ऐती’ म्हणजे चांगले आहे. आपल्या मराठी मुलांच्या तोंडीही हा ‘चलो’ सर्रास येतो. एका मिठाईखाली कोणी ‘भाळ चलो’ असे लिहिले होते आणि साधनाने त्याचा अर्थ ‘चला, निघू या’ असा घेऊन त्यावर तटस्थाचा शिक्का मारला होता.

मराठीसाठी काहीच झालेले नाही, असे नाही. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्विटांवर अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ असे शिक्के मारून तो संच खुला केला आणि पुढे मराठीसाठी भाषिक प्रारूपेही (मजकूर समजून घेणारी संगणकीय साधने) दिली. मोफत भाषांतरावर चालणाऱ्या साधनापेक्षा ती नक्कीच बरी. तरीही ‘जेवलास काय गा’ म्हणणाऱ्या माणसाची मराठी त्यांना कितपत कळते, हे तुम्हाला स्वतः तपासूनच घ्यावे लागेल.

तपासण्याची रीत अशी: तीन हजारांपैकी तीनशे प्रतिक्रिया चिठ्ठ्या टाकून निवडाव्या, तुम्ही आणि एका मैत्रिणीने त्या वेगवेगळ्या बसून वाचाव्या आणि एकमेकींना न दाखवता शिक्के मारावे. मग दोघींचे किती जुळते ते पाहावे. योगायोगाने जे जुळले असते ते वजा करून उरलेला मेळ मोजण्यासाठी कोहेन यांचे ‘कप्पा’ (त्याच नावाच्या ग्रीक अक्षरावरून) हे माप १९६० पासून वापरात आहे. ज्या प्रतिक्रियांवर माणसांचेच एकमत होत नाही, तेथे यंत्राला दोष देण्यात अर्थ नसतो. मी आणि पुण्याची एक सहकारी असेच काम करत होतो. ‘बरं हाय की’ या प्रतिक्रियेवर तिने तटस्थ लिहिले आणि मी अनुकूल. आमच्या आजोबांनी आयुष्यात कोणत्याही पदार्थाची याहून अधिक स्तुती केली नाही, हे तिला कसे कळणार? आम्ही अशा वाक्यांची वेगळी वही ठेवली. तुमच्या प्रबंधातले सर्वांत वाचनीय पान कदाचित त्या वहीतूनच निघेल.

‘कुंदा’ शब्दाचे म्हणाल, तर तो एकटा शोधू नका. बेळगाव, मिठाई, खवा, पेढा यांपैकी एखादा शब्द सोबत असेल तरच घ्या आणि काय वगळले ते लिहून ठेवा. गावाचे नावही बेळगाव, बेळगावी, बेलगाम आणि रोमन लिपीतली जुनी-नवी रूपे अशा सर्व प्रकारे शोधावे लागेल. कर्दंटचेही तेच, कोणी करदंट लिहितो, कोणी करदंटू.

संगणकवाला

थोडक्यात तांत्रिक बाबी. यूट्यूबवरून सामग्री उतरवून घेण्याच्या अधिकृत मार्गाने (एपीआय) दिवसाला १०,००० एकके, म्हणजे वापराची मापे, मोफत मिळतात. एका शोधाला १०० एकके लागतात, परंतु प्रतिक्रियांच्या एका पानाला एकच, आणि एका पानावर १०० पर्यंत प्रतिक्रिया येतात. म्हणून चित्रफिती हाताने निवडा आणि एकके प्रतिक्रियांसाठी वापरा. प्रतिक्रिया ‘लोकप्रिय’ क्रमाने न घेता तारखेच्या क्रमाने सगळ्या घ्या. अन्यथा ज्यांना आधीच पसंती मिळाली आहे, त्याच वर येतात आणि तुमचा नमुना यूट्यूबनेच निवडलेला ठरतो. गोळा केल्याची तारीख नोंदवा, कारण प्रतिक्रिया पुढे पुसल्या जातात.

गूगल नकाशावर अधिकृत मार्गाने एका दुकानाचे पाचच अभिप्राय मिळतात. यंत्राने बाकीचे उचलणे नियमात बसत नाही. ट्विटरचा मोफत मार्ग २०२३ मध्ये बंद झाला आणि फेसबुकवरील सार्वजनिक मजकूर पाहण्याचे क्राउडटँगल हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाले. जुन्या प्रबंधांतली रीत पाहून त्या वाटेला जाऊ नका. एखादा शब्द कधी किती शोधला गेला हे दाखवणारे गूगल ट्रेंड्स वापरणार असाल, तर तेथले ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या दाखवत नाहीत. निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च प्रमाणाला १०० मानून बाकीचे त्याच्याशी तोलून दाखवलेले असतात.

निपाणीकर मास्तर

पाट्यांच्या प्रकरणाविषयी मी आधी लिहिले नव्हते, कारण ते वेगळे आणि अधिक जबाबदारीचे आहे.

१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. आज कोणी बेळगाव लिहितो की बेळगावी, यावरून पुष्कळदा त्याची बाजू कळते. तुम्ही शोधशब्द निवडता त्याच क्षणी कोणाची मते गोळा होणार, हे ठरून जाते. मराठी शब्दांनी शोधाल तर एक लोकमत निघेल, कन्नड शब्दांनी शोधाल तर दुसरे. ज्या दुकानदाराच्या पाटीचा प्रश्न आहे, तो बहुधा दोन्हींकडे काहीच लिहिणार नाही, कारण त्याच्याकडे दोन्ही भाषांतले गिऱ्हाईक येते. शिवाय लिहिणारा कोठे बसून लिहितो, हे प्रतिक्रियेवरून कळत नाही. कुंद्याच्या बाबतीत पुण्यातला बेळगावकर हा तुमचा ग्राहकच आहे. पाट्यांच्या बाबतीत तो बेळगावचा रहिवासी नाही. अशा विषयावर ठरवून, एकाच दिवशी, एकाच साच्याचे संदेश टाकण्याचे प्रकारही होतात आणि ते जनमत म्हणून मोजले जातात.

खरोखर मत जाणून घ्यायचे असेल, तर प्रभागांतून यदृच्छेने माणसे निवडून विचारावे लागेल. नीट निवडलेल्या ६०० जणांच्या नमुन्यात चूक साधारण चार टक्के इकडे-तिकडे राहते. तुमच्या तीन हजार प्रतिक्रियांना असे कोणतेच माप लागू होत नाही. त्यातही प्रश्न विचारणारा मराठीत विचारतो की कन्नडमध्ये, यावर उत्तर बदलेल. एका विद्यार्थिनीने एका सत्रात हे करावे, असे मला वाटत नाही.

दुसरी बाब लिहिणाऱ्याच्या सुरक्षेची. वैयक्तिक विदा (माहिती) संरक्षणाचा २०२३ चा कायदा, माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागू होत नाही, असे मार्गदर्शक सांगतील आणि ते बरोबरही आहे. परंतु आपल्या गावात कोण कोणत्या गल्लीतला, हे आडनावावरून कळते. एखादे वाक्य जसेच्या तसे प्रबंधात छापले, तर ते शोधून लिहिणाऱ्यापर्यंत दोन मिनिटांत पोहोचता येते. मिठाईच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही, सीमाभागातल्या भाषेच्या प्रश्नावर बिघडू शकते. नावे काढाच, आणि वाक्येही आशय राखून आपल्या शब्दांत लिहा. व्हॉट्सॲप गटांतला मजकूर, तुम्ही त्या गटात असलात तरी, सदस्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

मलप्रभा

सर्वांचे मनापासून आभार. गणपत गल्लीच्या काकांचे ऐकून मी तटस्थ ढिगातल्या चारशे प्रतिक्रिया हाताने वाचल्या. दोन रात्री गेल्या. कुंद्याखाली बहुतेक प्रश्न पार्सल, टिकाऊपणा आणि भाव यांविषयीच आहेत. कर्दंटचे चित्र अगदी निराळे निघाले. त्याखाली ‘यात गूळ असतो की साखर’, ‘डिंक किती घालतात’, ‘बाळंतिणीला चालेल का’, ‘वडिलांना मधुमेह आहे, त्यांना देता येईल का’ असे प्रश्न आहेत. कुंदा लोक आठवणीसाठी आणि खाऊ म्हणून मागतात, कर्दंट प्रकृतीसाठी, असे माझ्या मनात आले. ते खरे आहे का, हे दुकानांत जाऊन साठ-सत्तर ग्राहकांना विचारून पाहणार आहे. यंत्राच्या साधनाने हे दोन्ही प्रकारचे प्रश्न एकाच तटस्थ रकान्यात टाकले होते.

चिकोडीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे मैत्रिणीबरोबर तीनशे प्रतिक्रियांवर शिक्केही मारले. आमचे सर्वाधिक वाद ‘चालतंय की’ या दोन शब्दांवर झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत.

पाट्यांचे प्रकरण वगळण्यास मार्गदर्शक तयार झाले. वर्तुळाकृती मात्र हवीच, असे ते म्हणतात. त्यावाचून प्रबंध अपुरा दिसतो, असे त्यांचे मत आहे. मास्तर, ती काढावीच लागली, तर तिच्याखाली काय लिहू?

निपाणीकर मास्तर

काढा, हरकत नाही. शीर्षकात ‘ग्राहकांचे समाधान’ असे लिहू नका. आकृतीखाली असे लिहा: ‘अकरा चित्रफितींखालील सर्व प्रतिक्रियांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या आणि दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे वर्गीकृत केलेल्या ३०० प्रतिक्रिया; आकडे प्रतिक्रियांचे आहेत, व्यक्तींचे नाहीत.’ आणि तटस्थांचा एकच तुकडा ठेवू नका; भाव, पार्सल, टिकाऊपणा, प्रकृती असे त्याचे भाग करून दाखवा. बाहेरून येणारे परीक्षक तोंडी परीक्षेत पहिले बोट त्याच आकृतीवर ठेवतील. मी परीक्षक म्हणून जात असे, तेव्हा तेथेच ठेवत असे.